दोन चंद्रांची भरती

चहा आला, तोही बिस्किटांसकट, आणि बुद्धभूषणच्या मनात पाल चुकचुकली. दादरच्या ह्या दिवाळी अंकाच्या कचेरीत लेखकाला बिस्किटं मिळतात ती उगाच नाही.

विज्ञानकथा लिहिता लिहिता त्याचे कानांवरचे केस पिकले होते. लहानसहान अंक त्याच्या गोष्टी छापत. मोठे दिवाळी अंक मात्र चहा पाजून परत पाठवत. तो सगळा क्रम त्याला पाठ होता. आधी भाषेचं कौतुक. मग पत्त्याची चौकशी. नायगावची बीडीडी चाळ म्हटलं, आणि त्यातून त्याचं नाव, की समोरच्याचा चेहरा उजळायचा. मागोमाग यायचं ते वाक्य. हे ग्रह-बिह कुणीही लिहील हो, तुम्ही तुमचं भोगलेलं लिहा. जे भोगलं ते त्याने भोगलंच होतं, त्याची लाजही नव्हती. पण त्याला लिहायचे होते ते ग्रह.

आज निघताना त्याने बायकोला, प्रितीला, सांगून टाकलं होतं. ह्या वेळी पुन्हा तेच ऐकलं तर मान डोलवायची, त्यांना हवं ते द्यायचं आणि ग्रहताऱ्यांचा नाद कायमचा सोडायचा.  प्रितीने शर्टाची कॉलर तेवढी नीट केली.

समोर बसलेली संपादक नवी होती. किर्ती. वयाने त्याच्याहून बरीच लहान. त्याची गोष्ट तिच्यापुढे पडली होती आणि पानांचे कोपरे दुमडलेले होते. वाचल्याचा देखावा, बुद्धभूषणने मनात म्हटलं. असे कोपरे ड्रॉवरमध्ये कोंबूनही दुमडतात.

"सर, राहायला कुठे तुम्ही?"

आलीच गाडी रुळावर. त्याने पत्ता सांगितला, तोही अंगावर धावून गेल्यासारखा. पण तिचा चेहरा काही उजळला नाही. बरं झालं, जवळच आहात, एवढंच म्हणाली. जवळ म्हणजे कशाच्या जवळ? ही तर इतरांपेक्षा मुरलेली दिसत होती. भाषेचं कौतुकसुद्धा गाळलं होतं तिने.

"एक बोलू? राग मानू नका."

बुद्धभूषणने कप खाली ठेवला. ते वाक्य त्याने तिच्या आधीच मनात म्हणून घेतलं आणि मान डोलवायची तयारी केली.

"तुमच्या ग्रहाला दोन चंद्र आहेत," ती म्हणाली, "मग भरती रोज सारखीच कशी?"

ह्यात खोच कुठे आहे ते तो शोधू लागला. सापडेना. किर्ती बोलत राहिली. ती माहीमच्या कोळीवाड्यातली. वडील अजून बोट घेऊन जातात. आपल्याकडे एकच चंद्र, तरी अमावस्या-पौर्णिमेला उधाण येतं, अष्टमीच्या सुमाराला पाणी मरगळतं. दोन चंद्र म्हटल्यावर समुद्राने नुसता धिंगाणा घालायला हवा. आणि ह्याचा नायक रोजच्या भरतीच्या भरवशावर बंदरातून होडी काढतो नि सुटतो. सगळी गोष्ट त्या सुटण्यावर उभी.

बुद्धभूषण वाद घालायला लागला. लहान चंद्र लांब आहे, त्याची ओढ कमी, असं त्याने कागदावर काढून दाखवलं. तिने पेन्सिल घेतली आणि त्याच कागदावर त्याला खोडून काढलं. दोघांचेही आवाज चढले. चहावर साय धरली. शेवटी त्याने मान्य केलं, तिचंच बरोबर होतं.

ह्या अंकात अशी घेता येणार नाही, तिने स्पष्ट सांगितलं. रविवारी सकाळी माहीमला या, उधाणाचं पाणी बघा आणि शेवट पुन्हा लिहा. जमला तर पुढचा अंक बघू.

दारापर्यंत त्याने कान टवकारून ठेवले होते. ते वाक्य आता येईल, मग येईल. आलंच नाही.

खाली उतरून त्याने प्रितीला फोन लावला. घेतली का गोष्ट, तिने जपूनच विचारलं.

"नाही घेतली," तो म्हणाला, आणि त्याला हसू आवरेना. "अगं, पण आज गोष्ट नाकारली. मला नाही."