मामाचा समुद्र

"डावीकडे," जयवंता म्हणाली आणि तिचं तिलाच नवल वाटलं. मस्कतला येऊन तिला जेमतेम चार तास झाले होते. तिच्या धाकट्या भावाला, कृष्णकांतला, नऊ वर्षं. तरी जुन्या बाजाराच्या फाटकापाशी तोच गोंधळून उभा होता. ती दोघं डावीकडे वळली आणि लोबानाचा वास आला. त्याने फोनवर सांगितलं होतं तसंच, आधी लोबान, मग अत्तरं.

हा दिवस कुणी ठरवला नव्हता. जयवंता नागपूरहून लंडनला मुलाकडे निघाली होती. वाटेत मस्कतला पुढचं विमान चुकलं. दुसरं उद्या सकाळी होतं. तिचा फोन आला तेव्हा किसना, घरात सगळे त्याला किसनाच म्हणत, शहरापासून दूर मजुरांच्या वसाहतीत कणीक मळत होता. तिथे तो आचारी होता. "थांब तिथंच, ताई. तुले शहर दाखवतो," तो म्हणाला आणि सुट्टी मागून तसाच निघाला. कोपराला अजून पीठ होतं.

नागपुरात हुडकेश्वरला घराच्या पुढच्या खोलीत जयवंता बालवाडी चालवायची. सुरुवातीची चार वर्षं किसना फोनवर नुसतं "बरं आहे" म्हणायचा. मग एका उन्हाळ्यात एकाएकी शहर सांगू लागला. दर शुक्रवारी एक गल्ली, एखादा किल्ला, समुद्राचा एक तुकडा. ती ते सगळं खडूने भिंतीवर काढायची. मुलं त्यात निळा रंग भरायची आणि त्याला मामाचा समुद्र म्हणायची. टेकडीवर घराएवढं पांढरं धुपाटणं आहे, असं तिने सांगितलं तेव्हा छोट्या सोनिकाने विचारलं होतं, "बाई, त्याच्यात निखारे कोण टाकते?"

आता ती स्वतःच त्या चित्रातून चालत होती. पायांखाली फरशी होती, पण तिला खडूची रेघ जाणवत होती. वर रंगीत काचांतून ऊन झिरपत होतं. धुरात माणसं पोहत असल्यासारखी दिसत होती. फक्त एक गोष्ट तिने किसनापासून लपवली होती. ती आज सांगायलाच हवी होती.

लहानपणी दोघांनी अंगणात चिंचोका पुरला होता. गुडघाभर रोपाचा शेंडा बकरीने खाल्ला तेव्हा किसना दोन दिवस जेवला नव्हता. तरी चिंच जगली, छपराच्या वर गेली. पाच वर्षांपूर्वी सिमेंटचा रस्ता आला आणि ती तोडली. परदेशात एकट्या माणसाला हे कसं सांगायचं? जयवंताने शेजारच्या नत्थूजींच्या चिंचेचा फोटो काढून आपलीच म्हणून पाठवून दिला. मग दर उन्हाळ्यात, यंदा किती लागल्या, तेही सांगत राहिली. किसना एकदाच घरी येऊन गेला होता, तेव्हा झाड होतं. आता दिवाळीला तो कायमचा येणार होता. चिंचेखाली खाट टाकीन, म्हणत होता.

अत्तरवाल्याने किसनाला विचारलं, "भाई, पहली बार आए हो?"

किसना अडखळला. त्याची नजर त्या काचांवरून हलत नव्हती. बालवाडीत पहिल्या दिवशी आलेलं पोर असंच बघतं. जयवंताच्या लक्षात आलं. इथे सगळ्यांना सुट्टी असते त्या शुक्रवारीही आचाऱ्याला नसते.

"पहली बार तो मैं आई," ती पटकन म्हणाली. "ये तो मेरे को घुमा रहा."

त्यानंतर तिने रस्ता सांगितला नाही. अडलेल्या मुलाला उत्तर द्यायचं नसतं, वेळ द्यायचा असतो. ती अर्धं पाऊल मागे राहिली. किसना दोनदा चुकला, एकदा त्याच अत्तरवाल्यापुढे परत आला, आणि मग अचानक समोर समुद्र उघडला.

दोघं कठड्यावर बसली. पांढऱ्या होड्या जागच्या जागी डुलत होत्या. टेकडीवर ते धुपाटणं खरंच होतं, घराएवढं.

"काय गा, त्यात निखारे कोण टाकते?"

"विचारून सांगतो," किसना म्हणाला. तो हसला, पण डोळे समुद्रावरून काढेना.

ऊन पाण्यावर उतरलं. मग ती म्हणाली, "किसना, आपली चिंच नाही राहिली. रस्त्यात गेली. पाच वर्षं झाली."

"माहीत आहे मले."

तिने वळून पाहिलं.

"तू फोटो पाठवला तेव्हाच समजलं. नत्थूजीच्या चिंचेचं खोड सरळ आहे, ताई. आपल्या चिंचेच्या खोडाचे तर बकरीनं शेंडा खाऊन लहानपणीच दोन फाटे केले होते."

"मंग बोलला काहून नाही?"

"तू दर उन्हाळ्यात एवढ्या मायेनं तिले चिंचा लावून राहिली होती वं. मी कशाले तोडू?"

जयवंताने पदराने डोळे टिपले. "अन् हा बाजार, हा किल्ला? हे कुठून आणलं?"

"जेवाले येणारे ड्रायव्हर सांगत. एका पोळीवर एक गल्ली." किसनाने कोपरावरचं वाळलेलं पीठ नखाने खरवडलं. "फोटो आला त्या दिवशी भटारखान्यातल्या कॅलेंडरवर हा समुद्र दिसला. म्हटलं, ताईनं मले अख्खं झाड पाठवलं, आपणही तिले काहीतरी पाठवावं."