आधी डोळे

मार्तंडने पंखा बंद केला, जानकीच्या मानेखाली दुसरी उशी सरकवली आणि कापसाच्या दोन घड्या स्वच्छ पाण्यात बुडवून तिच्या मिटल्या डोळ्यांवर ठेवल्या.

"गार लागतंय का गं?" त्याने सवयीने विचारलं आणि घड्या बोटाने नीट बसवल्या.

फोनवरच्या मुलीने हेच सांगितलं होतं. पंखा नको, डोकं उंच, डोळ्यांवर ओला कापूस. "आम्ही निघालोच आहोत, काका. रस्ता खोदलाय, थोडं मागेपुढे होईल. तोवर डोळे कोरडे पडू देऊ नका. एवढं एक सांभाळा."

कोरड्या डोळ्यांचं मार्तंडला कोणी शिकवायला नको होतं. मुलुंडच्या या दोन खोल्यांत जानकीने जन्मभर खिडकीशी बसून बायकांच्या साड्यांना फॉल लावले. सुई खाली, सुई वर. त्या नादात पापणी लवायची विसरायची. संध्याकाळी डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं व्हायचं.

"मधूनमधून डोळे मिटत जा," तो म्हणायचा.

"मिटले तर टाका चुकतो. गिऱ्हाईक तुमच्याकडे पाठवू?"

मग रात्री धणे भिजत घालायचे आणि सकाळी त्या पाण्याच्या घड्या. कधी निरशा दुधाच्या. गावाहून तिची आई आली की तळपायांना तूप. पुढे शेजारची इमारत पाडली, टॉवरचं काम सुरू झालं आणि धूळ घरात राहायलाच आली, तेव्हा डॉक्टरांनी थेंब लिहून दिले. नकली अश्रू म्हणाले ते त्याला.

"ऐकलंत? आता रडायचं पाणीसुद्धा दुकानातून," जानकी म्हणाली आणि इतकी हसली की डोळ्यांतून खरंच पाणी आलं. "बघा, आजचे थेंब वाचले."

मार्तंडने कापूस पुन्हा ओला केला. बेल वाजली.

दारात समोरची शकुताई होती. हातात काशाची वाटी, वाटीत तूप.

"भाऊजी, खालचे डॉक्टर सकाळी तुमच्याकडून उतरताना दिसले. जानकीचे डोळे परत?"

"हो. डोळ्यांचंच आहे."

"मला वाटलंच. काल सगळा दिवस त्या जरीच्या साडीत डोकं घालून बसली होती. म्हटलं, जानके, लग्न त्या पोरीचं, डोळे कशाला तुझे फोडतेस? तर मलाच म्हणते, तू तुझी डाळ बघ, करपली." शकुताई पाय आत टाकू लागली. "सरका. तळवे चोळून देते. काशाच्या वाटीने अशी आग खेचून घेते ना, बघा तुम्ही."

मार्तंड सरकला नाही.

"आत्ता नको, शकुताई. पडून राहू दे तिला."

"मी काय बोलणारेय का तिच्याशी?"

"तुम्ही आणि न बोलता?"

ती हसली. मग आत डोकावून म्हणाली, "पंखा तरी लावा. काय कोंदट झालंय!"

"वाऱ्याने डोळे सुकतात. डॉक्टर येतायत घरी. तोवर ओले ठेवायला सांगितलेत."

"डोळ्यांचे डॉक्टर? घरी? मोठी माणसं झालात की हो!" आणि लगेच तिचा आवाज उतरला. "भाऊजी, काही कापाकापी नाही ना करणार? मी तिला मागेच सांगितलंय, डोळ्यांना हात लावू देऊ नकोस. देवाने दिलंय ते तसंच राहू द्यावं."

"तिचं तिने ठरवलंय."

"तुम्ही नवरा ना? तुम्ही नाही म्हणा!"

मार्तंडने वाटी तिच्या हातातून घेतली. "मी चोळतो," म्हणाला आणि दार लोटून घेतलं.

दिवाळीत, फराळाची भांडी पुसताना, जानकीने त्याच्याकडून वचन घेतलं होतं. "वेळ आली की आधी माझे डोळे, मग बाकीचं सगळं. आणि शकुला त्या वेळी आत घेऊ नका. जीव लावणारी बाई आहे, पण मोडता घालेल. तिच्या मागून मजला येईल."

"आणि मीच मोडता घातला तर?"

"तुम्ही नाही घालणार. माझ्या डोळ्यांपायी तुम्हाला माहितीये, नीट न दिसणं काय असतं ते."

तो पायथ्याशी बसला. तळव्याला तूप लावून वाटी हळूहळू फिरवू लागला. तूप आज पटकन विरघळेना. तरी त्याने दोन्ही पाय चोळले, चादरीने झाकले आणि पुन्हा उशाशी गेला. कापूस सुकत आला होता. बदलला.

बाहेर शकुताई कुणाला तरी सांगत होती, "मला आत घेत नाहीत, काय समजायचं माणसाने?" दुसरा आवाज आला. मग तिसरा. कुणीतरी बेलवर बोट ठेवलं. मार्तंड जागचा हलला नाही. त्याने फक्त कडीकडे पाहिलं आणि पाण्याची वाटी जवळ ओढली.

"मार्तंड काका? आम्ही आलोय."

तो फोनवरच्या मुलीचा आवाज होता. त्याने दार तिच्यापुरतं उघडलं. तिच्यामागून एक माणूस पांढरी पेटी घेऊन आला. मुलीने हात धुतले, हातमोजे चढवले, कापूस बाजूला करून वाकून पाहिलं.

"छान जपलेत, काका. जरासुद्धा कोरडे नाहीत." मग हळूच म्हणाली, "तुम्ही स्वयंपाकघरात बसता का?"

तो बसला. ओट्यावर धुतलेले दोन कप पालथे होते. त्यांच्याकडे बघत राहिला.

काम आटोपल्यावर मुलीने त्याला नमस्कार केला, आतल्या खोलीकडे वळून पुन्हा हात जोडले आणि दोघं निघून गेली.

शकुताई उंबऱ्यातच उभी होती.

"काय म्हणाले हो? आता दिसेल ना जानकीला नीट?"

मार्तंडने दार पूर्ण उघडलं.

"तिच्या डोळ्यांनी आता दोघांना दिसेल, शकुताई," तो म्हणाला. "या आत. जानकी सकाळी झोपेतच गेली."