देसूरकर सरांना दिसलेल्या मुली

कोरोनामुळे कॉलेजला कुलूप होतं, पण नव्या क्रीडासंकुलाचं काम बारा मजुरांवर चालू होतं. साइट इंजिनिअर शर्वरी याच कॉलेजच्या मातीच्या मैदानावर कबड्डी शिकली होती. तिला शिकवणारे देसूरकर सर आता निवृत्त झाले होते आणि इंदिरानगरच्या घरात एकटेच तापाने पडून होते. या इमारतीसाठी त्यांनी वीस वर्षं अर्ज केले होते. म्हणून शर्वरी रोज दुपारी व्हिडिओ कॉल करून त्यांना काम दाखवायची.

"स्वल्प डावीकडे फिरव," एकदा सर म्हणाले. "मुली कधीपासून यायला लागल्या?"

"कुठल्या मुली, सर?"

"वर गॅलरीत बसल्यात की. तिघी."

प्रेक्षकांची गॅलरी रिकामी होती. ग्लानीत बोलत असतील असं समजून शर्वरी नुसतं "हो सर" म्हणाली.

आठवड्यात सरांचा ताप उतरला, आवाज पूर्वीसारखा खणखणीत झाला. मुली मात्र त्यांना दिसतच राहिल्या, आणि रोज वाढत गेल्या.

लाकडी फ्लोअर पूर्ण झाला त्या दुपारी मजूर बाहेर जेवत होते. शर्वरीने गॅलरीत चढून सरांना सगळं मैदान दाखवलं. त्यांचे डोळे भरून आले.

"पोरी, सगळं भरलंय गं. उभ्या राहून तुझ्यासाठी टाळ्या वाजवतायत. ऐकू येत नाही?"

"नाही सर."

"मग कठड्याला हात लाव."

सरांचं मन मोडू नये म्हणून तिने लोखंडी कठड्यावर तळहात टेकवला.

कठडा या टोकापासून त्या टोकापर्यंत थरथरत होता.