सरदाराचा घसा

सहारा वाळवंटातल्या सन्हाजा टोळीतले पुरुष तोंडावरचं निळं फडकं झोपेतही सोडत नाहीत. वडीलधाऱ्यांच्या आग्रहावरून सरदार येद्दर राजधानीच्या हमामखान्यात गेला आणि तिथं त्याचं फडकंच चोरीला गेलं. शरमेनं मान खाली घालून तो तळावर परतला. त्याचा चेहरा बायकोखेरीज कुणी पाहिलेलाच नव्हता.

"पाहुणे, न्यायसभा चालू आहे, मागे बसा," पहारेकरी म्हणाला.

समोर येद्दरच्याच गादीवर कुणीतरी बसलं होतं. निळ्या फडक्यातून दिसणारे डोळे त्यानं ओळखले. तामिमुन्त, त्याची बायको. सरदारांचा घसा बसलाय म्हणे, म्हणून ती भालदाराच्या कानात कुजबुजत होती आणि तो निवाडा मोठ्यानं सांगत होता. विहिरीवरून वर्षभर पेटलेलं भांडण तिनं बघता बघता मिटवलं. येद्दरला ते कधी जमलं नव्हतं. निदान नाव तरी आपलंच होतंय, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

"तुमचा सरदार फार शहाणा दिसतो," तो शेजारच्या म्हाताऱ्याला म्हणाला.

"घसा बसला की होतो शहाणा," म्हातारा हळूच म्हणाला. "म्हणून तर सभेच्या दिवशी त्याला हमामात धाडतो. आज फडकंही पळवून आणलं, म्हणजे लवकर परतायची भीती नको."