उजेडाची गळती

"रंग पहिल्या प्रतीचा, आत डाग नाही, वजनही भरपूर. आणि पैलूंना दुसरी श्रेणी? बाई, आधी डोळे तपासून घ्या!"

व्यापाऱ्याचा आवाज प्रयोगशाळेच्या काचेबाहेर ऐकू जात होता. हिरे तपासणाऱ्या तरुणीने चिमट्यातला हिरा पुन्हा दिव्याखाली धरला.

"खालचा उतार किंचित उथळ आहे. आत शिरलेला उजेड वर परतायच्या ऐवजी खालून गळतो. हिरा जरा कलवला की आत करडं कडं दिसतं."

"हे पैलू कुणी पाडलेत, माहीत आहे?"

"नाही. आणि सांगूही नका."

व्यापारी भडकला. हा हिरा त्याच्या दुकानाची शान ठरायचा होता. दुय्यम शिक्का घेऊन तो चारचौघांत मिरवायचा कसा? तो तडक कारखान्यात गेला आणि आपल्या सर्वांत जुन्या कारागिराला पैलू पाडायच्या चाकावरून उठवून घेऊन आला. या माणसाच्या पैलूंना बाजारात आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं, आणि ते कारागीर स्वतःच सगळ्यांना ऐकवत असे.

कारागीर आत येताच तरुणी उठून उभी राहिली. मग सावरून बसली.

"हेच ते," व्यापारी म्हणाला. "आता बोला यांच्या तोंडावर!"

तिने सांगितलं. शब्द तेच, आवाज मात्र थोडा घोगरा.

कारागिराने भिंग डोळ्याला लावलं. हिरा कलवला, सरळ केला, पुन्हा कलवला. व्यापारी त्याच्या चेहऱ्यावर राग चढायची वाट बघत राहिला.

"बाजारात माझी लाज जाईल," कारागीर म्हणाला. "एक श्रेणी वाढवता नाही येणार?"

"नाही."

"माझ्या वयाकडे बघून?"

"मी हिऱ्याकडे बघते." तिची मान खाली होती, पण आवाज आता हलला नाही.

त्याने भिंग टेबलावर ठेवलं. "बरोबर आहे यांचं. कच्चा खडा चपटा होता, वजन वाचवायच्या मोहात उतार मीच उथळ ठेवला."

व्यापाऱ्याने त्याला दंडाला धरून बाहेर आणलं. "डोकं फिरलंय का तुमचं? गावभर छी थू होईल आता!"

आणि तो थबकला. म्हातारा चक्क छाती काढून हसत होता.

"होऊ दे की, मालक. फक्त सांगताना अर्धवट सांगू नका. चूक माझी, आणि ती पकडणारी पोरगीही माझीच."