राखून ठेवलेलं डाळिंब

बोन्साय करायला काहीतरी वेगळं झाड हवं, म्हणून मी नर्सरीत तासभर फिरत होतो. शेवटी पाण्याच्या टाकीमागे एक डाळिंब दिसलं. त्याचं खोड दोरखंडासारखं पिळलेलं होतं. मी हरखलोच! पण फांदीला ‘राखीव’ अशी चिठ्ठी बांधलेली. आसपास कोणी नाही असं पाहून मी ती सोडली, चुरगाळून फेकली आणि झाड विकत घेऊन आलो.

संध्याकाळी बायको तणतणत घरी आली आणि गॅलरीतलं झाड पाहून थबकली.

“अहो, हे तुम्ही आणलंत? तुमच्या वाढदिवसासाठी मीच राखून ठेवलं होतं की! आत्ता नर्सरीत आणायला गेले, तर जागेवर नाही. याला चिठ्ठी नव्हती?”

“नव्हती,” मी बोलून गेलो.

“बघा! आणि ती माळीणबाई रडून सांगत होती, मी माझ्या हाताने बांधली म्हणून. मालकासमोर चांगलं फैलावर घेतलं मी तिला. त्याने तिला कामावरूनच काढलं.”

मी खाली बसून झाडाला पाणी घालू लागलो.

 

माझ्या खांद्यावर हात ठेवून ती म्हणाली, “किती सहज खोटं बोलतात हो माणसं!”