पुस्तकातले बहात्तर

गॅरेजवाले बाबा इंजिनावर स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याच्या मुठीला कान लावत आणि गाडीचा आजार ओळखत. मुलीला मात्र त्यांच्या मते आजार नव्हताच. आईसारखी हट्टी, जेवत नाही एवढंच. ऍडमिट करायचं नाही, हे ठरवूनच ते दवाखान्यात आले होते. डॉक्टरीणबाई मुलीला म्हणाल्या, “नाडी न धरता मिनिटभर छातीतले ठोके मोज.” तिने डोळे मिटले. “बहात्तर.” “जाणवले?” “नाही. पुस्तकात तेवढेच असतात.” तिच्या बोटाला लावलेल्या मशीनवर छत्तीस होते. “इतकं संथ? म्हणजे ट्यूनिंग फक्कड!” बाबा खूश झाले. बाईंनी स्टेथोस्कोप मुलीच्या छातीवर टेकवून नळ्या बाबांच्या कानात घातल्या. “भूक लागलीय?” बाईंनी विचारलं. मुलीने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. “अजून वेळ आहे. बाबा, चला, मी ठणठणीत आहे.” बाबा डोळे मिटून, बंद पडत आलेलं इंजिन ऐकावं तसे ऐकत राहिले. मग गिऱ्हाइकाला सांगावं तसं म्हणाले, “ही आज घरी न्यायची नाही.”